तीन ग्रॅमचा प्रश्न

मालाड स्टेशनबाहेरच्या केमिस्टकडे बी-कॉम्प्लेक्सची स्ट्रिप मागितली की लगेच हातात पडते. तिच्यातलंच निकोटिनामाइड, म्हणजे बी-3 जीवनसत्त्वाचं एक रूप, काचबिंदूवर तपासलं जातंय म्हटल्यावर काउंटरवर चौकशा वाढणारच.

मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं, ते बदलता येतं. काचबिंदूत डोळ्याची नसच वाळत जाते आणि गेलेली नजर परत येत नाही. तीही बहुधा कडेनं जाते: समोरची लोकलची पाटी स्वच्छ दिसते, बाजूनं येणारी रिक्षा दिसत नाही.

2017 मध्ये अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत या जीवनसत्त्वानं उंदरांच्या नसा वाचवल्या. मग 2020 मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी 57 रुग्णांवरचे निष्कर्ष मांडले. नेहमीचे उपचार चालू ठेवून सहा आठवडे रोज दीड ग्रॅम, पुढचे सहा आठवडे तीन ग्रॅम. दृष्टिपटलाचा विद्युत प्रतिसाद सुधारला. पण बारा आठवड्यांत नजर टिकली की नाही, हे कसं कळणार? म्हणून स्वीडन आणि ब्रिटनमध्ये दीर्घ चाचण्या हाती घेतल्या गेल्या. त्यांची मोजपट्टी ओळखीचीच: एक डोळा झाकायचा, वाडग्यासारख्या पांढऱ्या पडद्यात मिणमिणता ठिपका चमकला की बटण दाबायचं. निम्म्यात डुलकी लागते, हा अनेकांचा अनुभव!

बी-3 ची रोजची गरज जेमतेम 14 ते 16 मिलिग्रॅम. तीन ग्रॅम म्हणजे त्याच्या सुमारे दोनशे पट. एवढ्या मात्रेत मळमळ होते, क्वचित यकृतालाही इजा होऊ शकते. तेव्हा स्ट्रिपा मोजून हिशेब जुळवू नये आणि डोळ्याचा दाब उतरवणारे थेंब तर मुळीच बंद करू नयेत.