वाचकाने द्यावयाचा मोबदला

मराठी पुस्तके संगणकावर आणि मोबाईलवर विनामूल्य पोहोचविणाऱ्या ई-साहित्य प्रतिष्ठानाच्या पुस्तकांत, मुख्य मजकुराला आरंभ होण्यापूर्वीच, वाचकाला उद्देशून एक विनंती केलेली आढळते. पुस्तकासाठी पैसे मागितलेले नाहीत, तेव्हा वाचून झाल्यावर वाचकाने आपली तीन मिनिटे खर्च करावीत. एक मिनिट लेखकाला दूरध्वनी करून पुस्तक कसे वाटले ते सांगण्यासाठी, दुसरे प्रतिष्ठानाला अभिप्राय कळविण्यासाठी आणि तिसरे आपल्या मित्रपरिवाराला त्या पुस्तकाची वार्ता देण्यासाठी, असा तिचा आशय आहे. विनंतीची भाषा सौजन्याची असली, तरी माझ्या मते ही मागणी हक्काची आहे. जो लेखक आपली कथा कोणताही दाम न घेता आपल्या हाती देतो, त्याचे आपण काही देणे लागतो, आणि ते देणे शब्दांखेरीज दुसऱ्या कोणत्याही चलनात फेडता येत नाही, एवढेच मला येथे आग्रहाने मांडावयाचे आहे.

छापील नियतकालिकांच्या काळात लेखकाला आपल्या लेखनाची पोच तीन मार्गांनी मिळत असे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि त्यातून पुढे जी दिवाळी अंकांची परंपरा उभी राहिली, तिच्यात कथा स्वीकारली किंवा नाकारली तरी संपादकाचे पत्र येई, कथा छापली गेली की अल्पस्वल्प का होईना मानधनाची मनिऑर्डर येई, आणि सुदैवाने एखाद्या समीक्षकाची दृष्टी तिच्यावर पडली तर चार ओळींचे परीक्षणही वाट्याला येई. ‘सत्यकथे’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक नवोदितांच्या कथा किती बारकाईने वाचत आणि कोठे काय सैल पडले आहे हे पत्राने कळविण्याचे कष्ट कसे घेत, हे त्या पिढीतील अनेक लेखकांनी कृतज्ञतेने नमूद करून ठेवले आहे. या तिन्हींच्या जोडीला वाचकाचे पोस्टकार्ड असे. 1879 साली या देशात सुरू झालेल्या त्या लहानशा कार्डाने मराठी साहित्याची केवढी सेवा केली, याचा हिशेब कोणत्याही दफ्तरात सापडणार नाही.

आज जो आपली कथा विनामूल्य प्रसिद्ध करतो, त्याच्यापाशी यांपैकी पहिल्या तीन गोष्टी बहुधा नसतात. ‘प्रतिलिपी’सारख्या, 2014 पासून भारतीय भाषांतील हौशी लेखकांना खुल्या झालेल्या व्यासपीठांमुळे छापखान्याचा अडसर दूर झाला, कोणालाही लिहिता येऊ लागले आणि लिहिलेले त्याच रात्री शेकडो मैलांवरील वाचकाच्या हाती पडू लागले, ही या काळाची मोठीच देणगी आहे. परंतु अडसराबरोबर संपादकही दूर झाला. नवोदिताच्या पहिल्या कथेला मानधन नसते आणि तिची समीक्षा करण्यास कोणी पुढे येत नाही. किती जणांनी कथा उघडली याचा आकडा तेवढा त्याच्यासमोर उभा राहतो. पण तो आकडा मुका असतो, कारण कथा कोणाच्या अंतःकरणाला भिडली, कोण अर्ध्यावरून परतला आणि कोण शेवटचे वाक्य पुन्हा वाचण्यासाठी थांबला, यांपैकी काहीच त्यातून कळत नाही. रजिस्टर टपालाने धाडलेल्या पत्राची पोचपावती कधीच परत येऊ नये, तशी त्या लेखकाची स्थिती होते. म्हणूनच पूर्वी संपादक, मानधन आणि परीक्षण यांच्यात वाटले गेलेले दायित्व आज एकट्या वाचकाच्या शिरावर आले आहे, आणि बहुसंख्य वाचकांना त्याची जाणीवही नाही.

अकोले तालुक्यात राहून ही गोष्ट अधिक तीव्रतेने जाणवते. नगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा हा प्रदेश. कळसूबाईचे 1646 मीटर उंचीचे शिखर, हरिश्चंद्रगड, रतनगड, भंडारदऱ्याचे धरण यांची वर्णने पर्यटकांनी विपुल केली आहेत. परंतु या डोंगरांच्या कुशीत राहणाऱ्या महादेव कोळी आणि ठाकर माणसांचे जीवन, भाताच्या खाचरातील आवणी, इरले पांघरून पावसात दिवसभर वाकलेली बाई, पावसाळा सरताच कामासाठी गाव सोडणारी कुटुंबे, राजूर आणि कोतूळचे बाजार, ह्यांविषयी याच मातीतील माणसाने लिहिलेले वाचावयास मिळणे अद्याप दुर्मिळच आहे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाण्यांचा जो सांभाळ केला, त्याची दखल 2020 साली पद्मश्रीने घेतली गेली. येथील बोलीचे आणि अनुभवांचे जतन मात्र कोणी लिहिले तरच होणार आहे. हे लिहू शकणारी मुले-मुली आता शिकून तयार होत आहेत. त्यांच्या घरात त्यांच्यापूर्वी कोणी लेखक झालेला नसतो, पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांशी त्यांचा परिचय नसतो, आणि आपली भाषा शुद्ध नाही ही शाळेतच मनात रुजलेली भीती त्यांच्या लेखणीला सतत मागे खेचीत असते. अशा मुलाने किंवा मुलीने रात्री मोबाईलवर लिहून सर्वांसमोर ठेवलेल्या पहिल्या कथेला जर एकाही वाचकाने प्रतिसाद दिला नाही, तर दुसरी कथा लिहिली जाईलच याची हमी कोण देणार?

वेळेवर उच्चारलेल्या उत्तेजनाच्या शब्दाचे सामर्थ्य केवढे असते, याचा दाखला आपल्या वाङ्मयेतिहासातच आहे. 1907 साली जळगावला भरलेल्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटली आणि अध्यक्षस्थानी असलेल्या डॉ. कान्होबा कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. कीर्तिकर हे सैन्यात सेवा केलेले डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार. त्यांच्या मोठेपणापुढे तो खानदेशी मुलगा कोणीच नव्हता. तरीही सभेत, सर्वांच्या देखत, नाव घेऊन केलेला तो गौरव त्या मुलाला जन्मभर पुरला. पुढे रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई यांनी आपल्याच जिल्ह्यातील नगरच्या घरी त्याला पुत्रवत् वागविले. 1918 साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली त्याचा अंत झाला. पण तेवढ्या अल्पायुष्यात त्याने जे लिहिले ते मराठी कवितेचे कायमचे धन होऊन राहिले. प्रतिभा त्याची स्वतःची होती, हे निर्विवाद आहे; परंतु त्या वयात ‘तू कवी आहेस’ असे कोणी अधिकारवाणीने सांगितले नसते, तर ती तितक्या निर्भयपणे उमलली असती असे मी म्हणू धजणार नाही.

त्याच खानदेशातील दुसरे उदाहरण मनाला चटका लावणारे आहे. असोद्याला जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी जात्यावर, शेतात, चुलीपुढे काव्य रचीत राहिल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती, घरातील माणसांनी जे टिपून ठेवले तेवढेच उरले. 3 डिसेंबर 1951 रोजी त्या निवर्तल्या. पुत्र सोपानदेव यांनी त्या टिपणांची वही आचार्य अत्र्यांना दाखविली, अत्रे हरखून गेले, आणि त्यांच्या प्रस्तावनेसह 1952 साली ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. अवघ्या महाराष्ट्राने त्या काव्याला हृदयाशी धरले; परंतु ज्या माउलीचे ते काव्य, तिच्या कानी त्या कौतुकातील एक अक्षरही पडले नाही. बहिणाबाईंच्या वाचकांचा यात काहीच दोष नव्हता, कारण त्यांच्या हाती पुस्तकच नव्हते. आपल्या हाती मात्र लेखकाची कथा आहे, त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग आहे आणि लेखक हयात आहे; असे असूनही आपण मौन धरले, तर त्या मौनाला कोणती सबब सांगणार?

श्रोत्याच्या प्रतिसादावाचून कथन पूर्णत्वाला जात नाही, हे आपल्या परंपरेला नवे नाही. रतनगडाच्या पायथ्याशी उगम पावून अकोल्यावरून वाहत जाणारी प्रवरा ज्या नेवाशाला पोहोचते, तेथेच शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. आणि त्या ग्रंथात ज्ञानदेव श्रोत्यांपाशी पुनःपुन्हा अवधानाची याचना करतात, श्रोत्यांच्या अवधानानेच वक्त्याच्या वाणीला रस चढतो असे सांगतात, नवव्या अध्यायाचा तर आरंभच त्या प्रार्थनेने होतो. गीतेचा अर्थ प्राकृतात आणणाऱ्या त्या अलौकिक पुरुषाला जे मागण्यात कमीपणा वाटला नाही, ते एखाद्या तालुक्याच्या गावातील नवोदित लेखकाने मनोमन इच्छिले, तर त्याला प्रसिद्धीचा हव्यास म्हणणे अन्यायाचे होईल. घरोघरच्या आजीही हेच जाणून होत्या. अंधारात गोष्ट सांगताना नातवंडाचा हुंकार थांबला की आजी थांबे, ‘झोपलास का रे?’ म्हणून विचारी, आणि ‘हं’ ऐकू आल्यावरच राजपुत्राचा घोडा पुढे निघे.

यावर काही विचारी मंडळी आक्षेप घेतात, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. सरसकट स्तुतीने लेखक बिघडतो, टाळ्यांसाठी कथा लांबवू लागतो, वाचकांना रुचेल तेच लिहू लागतो, असे ते म्हणतात. ही भीती खरी आहे. परंतु हा परिणाम ठोकळेबाज स्तुतीचा असतो, सत्य आणि नेमक्या अभिप्रायाचा नव्हे. ‘छान’, ‘खूप सुंदर’, ‘पुढचा भाग लवकर टाका’ एवढ्यावर जो थांबतो, तो मौन बाळगणाऱ्यापेक्षा बरा खरा, तथापि त्याच्या शब्दांतून लेखकाला आपल्या कथेविषयी काहीच उमगत नाही, आणि ‘पुढचा भाग’ हा तर पुष्कळदा कौतुकापेक्षा तगादाच होऊन बसतो. त्याऐवजी एखादा वाचक असे लिहितो: ‘दादा, आवणी संपल्यावर ती सून बांधावर बसून पायाचा चिखल काढीत राहते आणि घरी जायला उठत नाही, तिथे मी थांबलो. माझी आई अशीच बसायची. शेवटी तिचा नवरा एकदम सुधारतो, ते मात्र मला पटले नाही.’ या तीन वाक्यांत लेखकाला आपले बलस्थान कळते, उणीव कळते, आणि आपण लिहिलेले कोणाच्या तरी आयुष्याशी जुळले याची साक्ष मिळते. अशी साक्ष मिळालेला लेखक बिघडत नाही, कारण आपला वाचक समजून वाचतो, हे त्याला कळलेले असते.

तेव्हा अभिप्राय देण्याचीही एक रीत आहे, आणि ती कठीण नाही. कथेतील एखादे पात्र, प्रसंग किंवा वाक्य नेमके नाव घेऊन सांगावे. जे आवडले ते चारचौघांत सांगावे. शुद्धलेखनाचे दोष आणि बारीकसारीक चुका, तशी सोय असेल तर, लेखकाला खासगीत कळवाव्यात. बोलीत लिहिणाऱ्याला प्रमाण भाषेचे धडे देऊ नयेत. उलट आपल्या गावचा शब्द कथेत भेटला तर त्याचा आनंद मोकळेपणाने व्यक्त करावा. लेखिकेला लिहिताना तर विशेष मर्यादा पाळावी. कथेविषयी बोलण्याच्या मिषाने तिच्या खासगी आयुष्याची विचारपूस करणारे, अवेळी संदेश धाडणारे वाचक कित्येक मुलींचे लेखन थांबविण्यास कारण होतात, आणि अशा एका माणसाने केलेली हानी दहा सज्जनांच्या कौतुकाने भरून येत नाही. म्हणूनच त्या दहा सज्जनांनी गप्प बसणे अधिक घातक आहे.

हे संस्कार शाळेतच व्हावयास हवेत. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती, 15 ऑक्टोबर, महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळली जाते. त्या दिवशी पुस्तके मांडली जातात, भाषणे होतात, काही वेळ मूक वाचनही होते. त्याला एवढीच जोड द्यावी, की प्रत्येक वर्गाने एका हयात लेखकाची एक कथा वाचावी आणि प्रत्येक विद्यार्थ्याने त्या लेखकाला चार ओळींचे पत्र लिहावे. तालुक्याच्या वाचनालयांनीही आपल्या परिसरातील कोण काय लिहितो याची नोंद ठेवावी, महिन्यातून एकदा त्यांपैकी एखादी कथा मोठ्याने वाचावी आणि सभासदांचे अभिप्राय लेखकाला कळवावेत. यासाठी शासनाची मंजुरी नको, निधी नको, ठरावही नको.

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, याचा आनंद आपण सर्वांनी साजरा केला आणि तो योग्यच होता. त्या दर्जाने भाषेच्या प्राचीनतेवर मोहोर उमटली. तिचे पुढचे आयुष्य मात्र आज लिहिणाऱ्या माणसांवर अवलंबून आहे, आणि ती लिहीत राहतील की नाही हे ठरविण्यात आपला, वाचकांचा, वाटा फार मोठा आहे. ज्याने आपल्याला विनामूल्य कथा दिली त्याला, ती वाचून होताच, दुसऱ्या कामाला लागण्यापूर्वी, आपल्या नावानिशी दोन खरी वाक्ये लिहून पाठविणे हे प्रत्येक मराठी वाचकाने आपले कर्तव्य मानावे.