सामान कुठे ठेवायचं?

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची. मराठीत शेवटचा निबंध दहावीत लिहिला होता, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण हा विषय मराठीतच लिहावासा वाटला, कारण तो मला कळला तोच मुळी आईच्या स्वयंपाकघरामुळे.

गेल्या सेमिस्टरला आमचा मिनी प्रोजेक्ट होता, मराठी शब्द तपासणारा छोटासा प्रोग्रॅम. सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला, सीमेकने बिल्ड केलेला. माझ्या लॅपटॉपवर मस्त चालायचा. सबमिशनच्या दिवशी लॅबच्या मशीनवर चालवला आणि स्क्रीनवर एकच ओळ आली: शब्दांची फाईल सापडली नाही. सापडणार कशी? प्रोग्रॅममध्ये आम्ही पत्ता लिहिला होता तो माझ्या होम डिरेक्टरीचा, माझ्या नावासकट! एक्सटर्नल सर शांतपणे म्हणाले, "मग लॅपटॉपसुद्धा सबमिट करणार का?" सगळा वर्ग हसला. मार्क गेले ते गेलेच.

त्याआधी आणखी एक प्रकार झाला होता. इन्स्टॉल करायला गेलो तर परमिशन नाही. लिनक्सवर सीमेक काही सांगितलं नाही तर सगळं /यूएसआर/लोकलमध्ये टाकायला बघतं आणि तिथे लिहायला रूटचा पासवर्ड लागतो. लॅबच्या काकांनी तो द्यायला साफ नकार दिला. मला भयंकर राग आला. नंतर काकांनीच कारण सांगितलं. आदल्या वर्षी कुणीतरी एका लायब्ररीचं नवं व्हर्जन असंच तिथे टाकलं. दुसऱ्या वर्गाचे प्रोग्रॅम सिस्टिमची लायब्ररी सोडून तीच उचलायला लागले आणि प्रॅक्टिकलचा पूर्ण दिवस वाया गेला. बरं, काढायचं कसं? सीमेक अनइन्स्टॉलची सोय आपणहून देत नाही. कुठली फाईल कुठे टाकली याची यादी ते बिल्ड फोल्डरमध्ये ठेवतं, आणि तो फोल्डर त्या महाशयांनी डिलीट केला होता! काका बरोबर होते, मी चूक होते.

आता स्वयंपाकघर. बाबा बँकेत, त्यामुळे दर तीन-चार वर्षांनी बदली. घर बदलायचं, पण आईची मांडणी बदलायची नाही. मिसळणाचा डबा शेगडीच्या उजव्या हाताला, पोळपाट-लाटणं खालच्या फळीवर. नव्या गावात पहिल्याच दिवशी आई डोळे मिटून मोहरी काढू शकायची. प्रीफिक्स म्हणजे नेमकं हेच! प्रीफिक्स म्हणजे घर. त्याच्या आत बिनमध्ये प्रोग्रॅम, लिबमध्ये लायब्ररी, शेअरमध्ये डेटा, ही मांडणी. घर कुठलं ते राहणारा ठरवतो, मांडणी तीच राहते. ही कल्पना नवीही नाही. १९९१ साली सुरू झालेल्या ऑटोकॉन्फच्या कॉन्फिगर स्क्रिप्टलाही प्रीफिक्स सांगता येतो. म्हणजे आमच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून हा प्रश्न सुटलेला आहे, फक्त आम्हाला कुणी सांगितला नव्हता.

सीमेकमध्ये करायचं इतकंच, की इन्स्टॉलच्या ओळीत पूर्ण पत्ता लिहायचा नाही, नुसतं बिन किंवा शेअर लिहायचं. पूर्ण पत्ता लिहिलात तर प्रीफिक्सला कुणी विचारतच नाही. त्याहून बरं म्हणजे ग्नूइन्स्टॉलडर्स हे मॉड्यूल वापरायचं, कारण फेडोरावर लायब्ररी लिब६४ मध्ये जाते, डेबियनवर आणखी वेगळीकडे. ते त्याला माहीत असतं, आपण लक्षात ठेवायला नको. मग रूटचा पासवर्ड कशाला? प्रीफिक्स म्हणून आपल्याच होममधला एक फोल्डर द्या आणि कामाला लागा.

मी यातही एकदा शेण खाल्लं. पॅकेज बनवताना फाईली तात्पुरत्या एका फोल्डरमध्ये जमवायच्या होत्या, मी तोच प्रीफिक्स म्हणून दिला. तो पत्ता प्रोग्रॅमच्या पोटात जाऊन बसला आणि फोल्डर काढल्यावर प्रोग्रॅम पुन्हा शब्द शोधत भटकायला लागला. त्या कामासाठी डेस्टडिर असतं. सामान ट्रकमध्ये ठेवलं म्हणून ट्रक काही घर होत नाही. प्रीफिक्स हा नव्या घराचा पत्ता, डेस्टडिर हा ट्रक.

काही मित्र म्हणतात, "एवढी कटकट कशाला? डॉकर आहे ना!" आहे की. पण डॉकर म्हणजे सामान नीट बांधता येत नाही म्हणून अख्खं घरच उचलून न्यायचं. कधी कधी ते लागतंही. पण पन्नास ओळींच्या प्रोग्रॅमसाठी? आणि त्या डब्याच्या आतसुद्धा फाईल कुठेतरी ठेवावीच लागते.

माझं मत स्पष्ट आहे. "माझ्या मशीनवर चालतं" हे उत्तर म्हणजे समोरच्याचा विचारच न केल्याची कबुली आहे. आपलं सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या घरी पाहुणं जातं. पाहुण्याने चपला कुठे काढू, बॅग कुठे ठेवू हे विचारावं. थेट देवघरात बॅग ठेवू नये!

म्हणून आपल्या डिपार्टमेंटला एक विनंती. प्रोजेक्टच्या मार्कांत एक छोटी परीक्षा घाला. दुसऱ्याच्या अकाउंटवर, वेगळ्या फोल्डरमध्ये, रूटशिवाय इन्स्टॉल करून दाखवायचं. दहा मिनिटांचं काम आहे. आणि ज्युनिअर्सना एक सल्ला. सबमिशनच्या आदल्या रात्री तुमचा कोड शेजारच्या रूममधल्या मैत्रिणीच्या मशीनवर चालवून बघा. हसायचं असेल तर तिला एकटीला हसू दे. अख्ख्या वर्गाने हसण्यापेक्षा ते बरं!