प्रश्न की आरोप?

शिक्षकांच्या कृतिसंशोधनात मला एक शीर्षक वारंवार दिसते: ‘उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी का येत नाही?’ माझ्या मते हा प्रश्न नव्हे, चौकशीआधीच लावलेला निकाल आहे. रत्नागिरीतल्या आमच्या कितीतरी घरांत कोकणी बोली बोलतात. तिला मराठी परकी नाही. अडते ते लिहिताना. उर्दू लिपीत ‘ळ’ आणि ‘ण’ यांना स्वतंत्र अक्षरे नाहीत. मग असे विचारा: पाचवीच्या श्रुतलेखनात या दोन अक्षरांच्या किती चुका होतात? सहा आठवड्यांच्या सरावाने किती कमी होतात? हे मोजता येते. २००६ च्या सच्चर अहवालाचे वजनही शाळा, नोकरी, बँककर्जाच्या आकड्यांतच होते. समस्या नेमकी मांडली, तर दोष मुलांच्या माथी बसत नाही आणि उपाय वर्गातच शोधता येतो.