बैलास बेंदूर, आईस काय?

आषाढात बेंदूर आला म्हणजे खंडाळा तालुक्यात ज्या घरी अजून बैल आहेत त्या घरी आदल्या दिवसापासूनच लगबग सुरू होते. सायंकाळी बैलाची खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यास हळद आणि तेल चोळले जाते. दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवावयाचे नाही, त्याच्यावर चाबूक उगारावयाचा नाही, असा नेम आहे. त्यास न्हाऊ घालतात, शिंगे रंगवितात, अंगावर झूल घालतात आणि पुरणपोळीचा घास भरवितात. ज्या मुक्या जनावराने आपल्यासाठी कष्ट उपसले त्यास वर्षातून एक दिवस तरी विसावा द्यावा, ही भावना ज्या समाजाने जपली त्यास कृतघ्न कोण म्हणेल? परंतु त्याच दिवशी पुरण शिजविणारी, ते वाटणारी, दुपार टळेपर्यंत चुलीपुढून न उठणारी जी बाई, तिचा खांदा कोणी मळीत नाही. बैलाच्या विसाव्याचा दिवस हा तिच्या दुप्पट कामाचा दिवस असतो. ह्या विसंगतीचा विचार विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी करावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच आहे.

हा दोष एकाच धर्माच्या किंवा एकाच जातीच्या घरी आहे, असे कोणी समजू नये. मिशनच्या शाळेत शिकणाऱ्या मुलांस दहा आज्ञा ठाऊक असतातच. त्यांत विश्रांतिदिनाची जी आज्ञा आहे तीत कोणी काम करू नये ह्याची मोठी यादी आहे: तू, तुझा पुत्र, तुझी कन्या, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरेढोरे, इतकेच नव्हे तर तुझ्या वेशीच्या आत राहणारा परकासुद्धा. ह्या यादीत पत्नीचे नाव निराळे घातलेले नाही. ‘तू’ ह्या एका शब्दात पति आणि पत्नी दोघेही येतात, असाच तिचा अर्थ घेणे आम्हांस योग्य वाटते. पण घरोघरचा व्यवहार पाहावा तर तिचे नाव मुद्दाम गाळले असावे असे वाटू लागते. उपासनेहून घरी आल्यावर सर्वांनी अंग टाकावे, आणि तिने मात्र रविवारचे म्हणून विशेष वाटण वाटावे, हाच क्रम दिसतो. आपल्याकडे श्रावणातील पिठोरी अमावास्येस मातृदिन म्हणतात. त्या दिवशी आई काय करते? मुलांस आयुष्य लाभावे म्हणून उपास करते. मातेच्या नावाचा जो एक दिवस, तोही तिने उपाशी राहून मुलांच्या नावे करून टाकिला!

आता तिचा रोजचा दिवस पाहा. खंडाळा तालुका हा बराचसा कमी पावसाचा. बाजरी-ज्वारीची खुरपणी, कांद्याची लावण आणि काढणी ही कामे मुख्यत्वे बायकांच्याच हातांनी होतात. लोणंदच्या बाजारात कांद्याच्या ज्या राशी दिसतात त्यांतील बहुतेक कांदा कोणा ना कोणा आईने वाकून लावलेला असतो. शिरवळ आणि खंडाळ्याच्या बाजूस कारखाने निघाल्यापासून पुष्कळ आया पहिल्या पाळीची गाडी गाठण्यासाठी तांबडे फुटण्यापूर्वी भाकरी थापून मोकळ्या होतात. शेत असो वा कारखाना, तिकडचे काम संपले तरी घरचे काम तिची वाट पाहत असतेच. धार, शेणगोठा, पाणी, सैपाक, भांडी, धुणे, सासूसासऱ्यांचे औषधपाणी, मुलांचा अभ्यास. आणि हे सर्व झाल्यावर तिची निवांत म्हणावी अशी घटका कोणती, ह्याचे उत्तर तिचे तिलाही देता येत नाही.

हे आमचे नुसते भावनेचे बोलणे आहे असे कोणास वाटल्यास त्याने सरकारी आकडे पाहावे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली लोकांचा वेळ कशात जातो ह्याची देशभर पाहणी केली. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी शेकडा 81 स्त्रिया घरातील बिनमोली काम करतात, आणि पुरुषांपैकी असे काम करणारे शेकडा 26 च निघाले. जे करतात त्यांतही स्त्रीचे दिवसाकाठी 299 मिनिटे जातात, तर पुरुषाची 97. पुन्हा 2024 साली तशीच पाहणी झाली, तेव्हा हे आकडे अनुक्रमे 289 आणि 88 असे आले. म्हणजे पाच वर्षांत स्त्रीचे काम दहा मिनिटांनी कमी झाले. पण पुरुषाने तिच्या वाट्याचे काही उचलले म्हणून नव्हे, कारण त्याचेही नऊ मिनिटांनी कमीच झाले आहे. ह्या हिशेबात सहा वर्षांच्या मुलीही मोजल्या आहेत, हे आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. भाऊ विटीदांडू खेळावयास जातो आणि बहीण परकर खोचून भांडी घासावयास बसते, तेथूनच ह्या आकड्यांचा आरंभ होतो.

जुन्या काळी बाईस विसावा नव्हताच असे नाही. मात्र तो तिला उघडपणे मागता येत नसे, म्हणून आपल्या पूर्वजांनी तो सणावारांच्या पदराखाली झाकून दिला होता. नागपंचमीस चिरू नये, तळू नये, तवा चुलीवर ठेवू नये, असा निर्बंध आहे. त्याचे धार्मिक कारण काहीही असो, त्या दिवशी उकडलेल्या दिंडांवर सैपाक आटोपतो आणि बायकांस झोक्यावर बसावयास, फेर धरावयास सवड सापडते, हे मात्र खरे. माहेरपण हाही असाच एक सुंदर संकेत होता. फार काय, जात्यासारख्या कष्टाच्या कामातही तिने स्वतःसाठी एक जागा करून घेतली होती. पहाटेच्या अंधारात घर निजलेले असताना ती ओवीतून आपले सुखदुःख बोलून घेई. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ ह्यांनी खेडोपाडी हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, ह्यावरून ह्या मुक्या समजल्या जाणाऱ्या बायकांस किती बोलावयाचे होते ह्याची कल्पना यावी.

पुढे गावोगाव पिठाची गिरणी आली, आणि ते उत्तमच झाले. जाते पुन्हा घरात आणावे असे आम्ही स्वप्नातही म्हणणार नाही. नळ आला, गॅस आला, कोठे कोठे धुण्याचे यंत्रही आले. परंतु ह्या सोयींनी वाचलेली घटका गेली कोठे? ती आईच्या हाती राहिली नाही. गॅस आला म्हणून चहा दिवसातून चार वेळा होऊ लागला. दळण सोपे झाले म्हणून ती आणखी एका शेतावर मजुरीस जाऊ लागली. यंत्राने काम हलके होते, पण वाचलेला वेळ कोणाचा हे यंत्र ठरवीत नाही, घर ठरविते. आमच्या सर्व म्हणण्याचे सार हेच आहे.

आता तिच्या लहानसहान सुखांविषयी दोन शब्द. आईचे सुख फार महाग नसते. गरम चहाचा एक पेला, तोही कोणी हाक न मारता शेवटच्या घोटापर्यंत; वेणीत एक अबोलीचा गजरा; शेजारणीबरोबर ओट्यावर घटकाभर बोलणे; भजनास किंवा प्रार्थनेस जाणे; दुपारी पाठ टेकणे. एवढेही न मिळाले म्हणजे मन दुसरी वाट शोधते. आपल्या भागात पुष्कळ बायकांस मिश्रीची सवय असते. तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजून केलेली ही पूड दात घासण्याच्या निमित्ताने तोंडात जाते आणि मग दिवसातून अनेकदा जात राहते. तिने तोंडाचा कर्करोग होऊ शकतो, आणि गरोदर बाईने ती लाविल्यास मूल कमी वजनाचे होण्याचा धोका असतो, हे आता निश्चित ठरलेले आहे. ती सुटलीच पाहिजे. परंतु आईस मिश्रीवरून टोचून बोलणाऱ्या मुलाने एक गोष्ट पाहावी: मिश्री लावावयास बसल्यावर तिला कोणी उठवीत नाही. कित्येकींस एवढीच काय ती हक्काची बैठक असते. तेव्हा व्यसन सोडवावयाचे तर त्या जागी खरा विसावा ठेविला पाहिजे. नुसत्या उपदेशाने ते साधणार नाही.

ह्याहून गंभीर गोष्ट जेवणाची आहे. सर्वांची पाने झाल्यावर उरले-सुरले आपण खावे, ही रीत आपण आईच्या प्रेमाची खूण म्हणून वाखाणीत आलो. 2019 ते 2021 ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 ते 49 वर्षांच्या स्त्रियांपैकी शेकडा 57 स्त्रियांच्या अंगी रक्त कमी असल्याचे आढळले. ह्याची कारणे अनेक आहेत. पण जिच्या वाट्यास भाजीचा रस्सा व तळाची खरवड येते तिच्या अंगी रक्त कोठून भरावे? ज्या रीतीने आई अशक्त होते ती रीत प्रेमाची असली तरी मोडावयास हवी.

ह्यावर काही आक्षेप निघतील. कोणी म्हणेल, “आईस कामातच आनंद वाटतो, ती स्वतः कोणास हात लावू देत नाही.” हे काही अंशी खरे आहे. परंतु ज्या मुलास कधी कांदा चिरता आला नाही, ज्याने ताट विसळले तर खरकटे तसेच राहते, त्यास तिने काम का सोपवावे? आधी काम नीट शिकावे, मग तिचा नकार किती टिकतो ते पाहावे. दुसरे कोणी म्हणेल, “बायकांस मोकळा वेळ दिल्यास घर बिघडेल.” त्यांस आम्ही ह्याच तालुक्यातील नायगावाकडे बोट दाखवितो. तेथे 3 जानेवारी 1831 रोजी सावित्रीबाई फुले जन्मल्या. लग्न झाले तेव्हा त्यांस अक्षरओळख नव्हती. घरच्या माणसाने, म्हणजे जोतीरावांनी, त्यांस शिकावयास वेळ आणि उत्तेजन दिले. पुढे त्यांनी मिशनच्या बायांकडून अध्यापनाचे शिक्षण घेतले. आणि 1848 साली पुण्यात मुलींची शाळा उभी राहिली. एका स्त्रीस दिलेल्या मोकळ्या वेळाने घर बिघडले नाही, लाखो घरे सुधारली. खानदेशातील बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. शेतात व घरात काम करता करता त्या गाणी रचीत. त्यांचे पुत्र सोपानदेव आणि घरचे एक आप्त ह्यांनी ती ऐकून लिहून ठेविली, म्हणून 1952 साली ती पुस्तकरूपाने महाराष्ट्रास मिळाली. आपल्या आईजवळ काय आहे हे तिच्यापाशी स्वस्थ बसल्यावाचून कोणत्या मुलास कळणार?

तिसरा पक्ष हौशी लोकांचा. मे महिन्यातील दुसऱ्या रविवारी आईस साडी द्यावी, चित्र पाठवावे, म्हणजे झाले असे त्यांस वाटते. ही चाल अमेरिकेतील. ॲना जार्व्हिस नावाच्या बाईंनी आपल्या आईच्या स्मरणार्थ ती सुरू केली, आणि 1914 साली तिला तेथे सरकारी मान्यता मिळाली. पण पुढे फुलांच्या व मिठाईच्या व्यापाऱ्यांनी तो दिवस बळकाविला तेव्हा त्याच बाई त्याविरुद्ध उभ्या राहिल्या. भेट द्यावी, आमची ना नाही. परंतु नवी साडी नेसून आईस त्याच ढीगभर भांड्यांपुढे बसावयाचे असेल, तर भेटीचा आनंद देणाऱ्यासच अधिक झाला म्हणावयाचा. वस्तू दिल्याने विसावा मिळत नाही. काम काढून घेतल्याने मिळतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक मुलाने, आणि मुलाने म्हणताना आम्ही मुलगेच आधी म्हणतो, आपले ताट आपण घासावे, आपले अंथरूण आपण काढावे व घालावे, आपले शाळेचे कपडे आपण धुवावे. ह्यात उपकार नाही; हे आपलेच काम आपण उचलणे आहे. त्यापुढे जाऊन घरातील एक काम कायमचे आपल्या नावावर घ्यावे: कोणी पाणी भरावे, कोणी दळण आणावे, कोणी धार काढावी. वडीलमंडळींनी आठवड्यातून निदान एक सायंकाळचा सैपाक आपल्याकडे घ्यावा. पिठले-भात करण्यास कोणाची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागत नाही. जेवावयास सर्वांनी एका पंगतीस बसावे आणि पहिली गरम भाकरी कधी आईच्या ताटात पडावी. आणि दिवसातील अर्धी घटका अशी ठरवावी की त्या वेळी तिला कोणी हाक मारणार नाही, मग घरात काहीही सापडत नसो. त्या वेळात तिने निजावे, वाचावे, शेजारी जावे, की नुसते दारात बसून रस्त्याकडे पाहावे, हे तिने ठरवावे. त्याचा जाब कोणी विचारू नये.

पालकांस आमची विशेष विनंती आहे की मुलगा हातात झाडू घेईल त्या दिवशी त्याची थट्टा करू नये. तुमच्या एका हसण्याने तो झाडू जन्मभरासाठी खाली ठेवील. विद्यार्थिमित्रहो, तुम्ही इतिहासात थोर मातांचे धडे पाठ करता आणि निबंधात आईस देवता म्हणता. देवतेस नैवेद्य दाखविला की भागते. आई माणूस आहे, तिचे पाय दुखतात, तिला भूक लागते आणि झोपही येते. येत्या सुटीत तिची स्तुती थोडी कमी झाली तरी चालेल. विहिरीवरचा हंडा मात्र तुम्ही उचला.