भागाकार येत नाही

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

आमच्या महाविद्यालयात प्राध्यापकांच्या तोंडून एक शब्द वारंवार ऐकू येतो : 'ढकलपास पिढी'. तो उच्चारताना त्यांच्या मनात राग असतो की कीव, हे मला अजून उमगलेले नाही. पण शब्द खोटा आहे असेही मी म्हणणार नाही. मी 2012 साली पहिलीत बसले. शिक्षण हक्क कायदा 2010 च्या एप्रिलपासून लागू झाला होता आणि त्याच्या 16 व्या कलमाने आठवीपर्यंत कोणालाही त्याच वर्गात ठेवण्यास मनाई केली होती. आमची आठवीची वार्षिक परीक्षा 2020 मध्ये कोरोनामुळे रद्द झाली. नववीला 2021 मध्ये परीक्षेशिवायच वर चढवले. म्हणजे जिच्यात नापास होण्याची खरोखर भीती होती, अशी माझ्या आयुष्यातील पहिली परीक्षा 2022 ची दहावीची बोर्डाची!

तेव्हा मित्रहो, 'पूर्वीसारख्या परीक्षा परत आणा' असे मी म्हणेन, अशी तुमची अपेक्षा असेल. ते मला म्हणवत नाही. माझे वडील त्या पूर्वीच्याच परीक्षेत चौथीला दोनदा नापास झाले. धाकटी भावंडे शोभतील अशी मुले शेजारी बसू लागली, तेव्हा लाजेने त्यांनी शाळा सोडली आणि गुरांमागे गेले. आपण कशात कच्चे होतो, हे त्यांना आजही सांगता येत नाही. 'नापास' एवढेच त्यांना कळले होते. मला नऊ वर्षे 'पास' एवढेच कळत राहिले.

वास्तविक आमच्या वेळची पद्धत कागदावर चांगली होती. तिचे नाव सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन. वर्षभर आकारिक, सत्राच्या शेवटी संकलित. आकारिकासाठी निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधने दिलेली होती. गुणांच्या श्रेणी होत, अ-1 पासून इ-2 पर्यंत. शिवाय प्रत्येक मुलासाठी एक वर्णनात्मक नोंद. म्हणजे शिक्षकाने मुलाकडे पाहून दोन वाक्ये लिहायची. याहून चांगले काय असू शकते?

पण त्या नोंदींची छापील पुस्तके बाजारात मिळू लागली. विषयवार, तयार वाक्ये. माझ्या प्रगतिपत्रकावर गणितापुढे 'आकडेमोड आवडीने करते' असे होते. माझ्या मैत्रिणीच्याही. तिच्या खालच्या मुलाच्याही. मी गुरुजींना दोष देत नाही; त्यांच्या टेबलावर खिचडीचे हिशेब आणि मतदारयाद्या एकाच वेळी असत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु माझी आई निरक्षर आहे. ते पत्रक ती देवाच्या फोटोमागे जपून ठेवी. 'ब-1' म्हणजे काय, असे तिने एकदा विचारले. मी म्हणाले, 'चांगलं असतं.'

2018 साली मी सातवीत होते. सुगीच्या दिवसांत 'असर' पाहणीचे दोघे जण घरी आले. त्यांतली मुलगी आमच्याच जिल्ह्यातील एका कॉलेजची होती. तिने मला ओसरीवरच बसवले, एक गोष्ट वाचायला दिली. ती मी घडाघडा वाचली. मग हातच्याच्या वजाबाक्या दिल्या, त्याही आल्या. मग तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगितले. मी पेन्सिल घेऊन बसून राहिले. आई दारात उभी होती. तिने विचारले, 'येतंय का हिला?' ती ताई शांतपणे म्हणाली, 'वाचता छान येतं. वजाबाकी येते. भागाकार अजून येत नाही.'

पहिलीपासून माझ्याविषयी आईला समजलेले ते पहिले वाक्य. दुसऱ्याच दिवशी तिने मला शेजारच्या बारावीतल्या मुलीकडे नेऊन बसवले, बदल्यात त्यांच्या शेंगा तोडायला गेली. आठ दिवसांत मला भागाकार आला. पुढचे अपूर्णांक आणि बीजगणित मात्र राहिले ते राहिलेच. दहावीला गणितात 42 मिळाले. त्यांत शाळेने द्यायच्या 20 पैकी 18 होते. लेखी 80 पैकी मला किती पडले, ते वाचकांनीच काढावे. वजाबाकी मला तेव्हाही येत होती.

आता वारे उलटे फिरले आहे. 2019 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि महाराष्ट्राने 2023-24 पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. नापास झाल्यास जादा मार्गदर्शन, मग फेरपरीक्षा, तीतही न जमल्यास तोच वर्ग. कित्येकांना हायसे वाटले असेल. मला वडील आठवतात. जादा मार्गदर्शन तरी कशाचे करणार, जर 35 टक्के मिळाले नाहीत एवढेच ठाऊक असेल?

माझे म्हणणे साधे आहे. प्रत्येक सत्रात एकदा शिक्षकाने प्रत्येक मुलाला पाच मिनिटे समोर बसवावे, आई किंवा वडील शेजारी असावेत, आणि काय येते, काय येत नाही, हे मोठ्याने सांगावे. वर्गात 45 मुले धरली तरी चार तास होत नाहीत. वेळ नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी नोंदी उतरवण्यात किती दिवस जातात तेही मोजावे.

गेल्या जानेवारीत राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही एका वाडीवर होतो. पाचवीतला एक मुलगा रोज आमच्या मागे मागे असे. त्याची आई मला म्हणाली, 'यंदा परीक्षा हाय म्हणे, पास होईल ना?' मी त्याला जमिनीवरच खडूने एक भागाकार घातला. त्याने बराच वेळ आकड्यांकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. मी त्याच्या आईला जवळ बोलावले.