स्टार्टरवरचे दोन काटे

गहू ओंबीवर आलेला असतो, दारे धरायला घरची माणसे रानात उतरलेली असतात आणि नेमकी त्याच वेळी मोटार बंद पडते. विहिरीवरच्या बहुतेक शेतकऱ्यांनी हे सोसले आहे. मीही सोसले आहे. मोटार जळाली, रिवाइंडिंगला गेली आणि आठ दिवस गहू तहानला. दोष लाइटचा, असे मी चारचौघांत सांगत फिरलो. पण स्टार्टरच्या पेटीवरचे दोन काटे कितीतरी दिवस सूचना देत होते. मी ते कधी वाचलेच नव्हते.

एक काटा व्होल्टचा, दुसरा अँपिअरचा. उंच टाकीतले पाणी नळीतून खाली येते ते दाबामुळे. विजेचा तसा दाब म्हणजे व्होल्ट. नळीतून ठरावीक वेळात जितके पाणी वाहते, तसा तारेतला प्रवाह म्हणजे अँपिअर. अरुंद नळी पाण्याला अडविते, तशी तार विजेला अडविते. ही अडवणूक म्हणजे रोध. तो ओहममध्ये मोजतात. गेओर्ग ओहम हा जर्मनीतल्या कुलपे बनविणाऱ्या कारागिराचा मुलगा. शाळेत शिकविता शिकविता त्याने प्रयोग केले आणि १८२७ साली आपला नियम पुस्तकातून मांडला.

हिशेब दोनच आहेत. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. दाबाला प्रवाहाने गुणले की शक्ती, म्हणजे वॅट मिळतात.

घरातली विजेची शेगडी घ्या. २३० व्होल्टवर ती ४.३५ अँपिअर घेते. गुणाकार केला की १००० वॅट, भागाकार केला की सुमारे ५३ ओहम. आता दाब २०० व्होल्टवर उतरला. शेगडीचा रोध जवळजवळ तोच राहतो, म्हणून प्रवाह होतो ३.७७ अँपिअर आणि शक्ती उरते सुमारे ७५५ वॅट. चहाला उशीर होतो, पण शेगडीचे काही बिघडत नाही.

मोटारीचे मात्र उलटे आहे. फिरणारी मोटार स्वतःच उलट दाब निर्माण करते, म्हणून तिला शेगडीचा भागाकार लागू पडत नाही. शिवाय पाणी तेवढेच आणि तेवढ्याच खोलीवरून उचलायचे असते. बादली लहान झाली तर खेपा वाढवाव्या लागतात. तसा दाब घटला की मोटार जास्त प्रवाह ओढते.

थ्री फेज मोटारीचा हिशेब असा: व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले १.७३ गुणिले पॉवर फॅक्टर. पाच अश्वशक्तीची मोटार ४१५ व्होल्टवर ८ अँपिअर घेते आणि पॉवर फॅक्टर ०.८ आहे, असे धरू. म्हणजे सुमारे ४६०० वॅट. दाब ३३० वर आला आणि काम तेच राहिले, तर प्रवाह १० अँपिअरच्या आसपास जातो.

आठाचे दहाच झाले, त्यात काय बिघडले? बिघडते ते इथेच. तारेतली उष्णता म्हणजे प्रवाह गुणिले प्रवाह गुणिले रोध. आठ आठे चौसष्ट, दाहे दाहे शंभर. प्रवाह सव्वापट झाला, पण वायंडिंगमधली उष्णता दीडपटीच्या वर गेली. तासन्‌तास असे चालले की वायंडिंगवरचे वार्निश करपते आणि मोटार जळते.

माझी दुसरी चूक केबलची. खांबापासून विहीर २०० मीटर लांब. मी स्वस्तात २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल ओढली होती. तिच्या एका तारेचा रोध दीड ओहम भरतो. ८ अँपिअरला एका तारेत ९६ वॅट, तीन तारांत २८८ वॅट वाया जातात. जणू १०० वॅटचे तीन दिवे बांधावर फुकट जळत ठेवले. ६ चौरस मिलिमीटरची केबल घातली, तर हाच तोटा सुमारे १२० वॅटवर येतो आणि मोटारीला दाबही जास्त मिळतो.

म्हणून एवढे करा. मोटार सुरू होऊन स्थिर झाली की दोन्ही काटे वाचून वहीत लिहा. मोटारीवरच्या पट्टीवर अँपिअरचा आकडा असतो. काटा त्याच्या वर राहू लागला, तर मोटार बंद करा. ओव्हरलोड रिले बांधून ठेवू नका, फ्यूजला जाड तार घालू नका. मोटार बंद असताना दाब ठीक आणि सुरू होताच फार घसरतो असे दिसले, तर केबल बारीक आहे, जोड सैल आहे किंवा मागची लाइनच कमजोर आहे. वायरमनकडून तपासून घ्या. बंद असतानाही दाब कमीच असेल, तर तारीख-वेळेसह आकडे लिहून वीज कार्यालयात अर्ज द्या. तोंडी तक्रारीपेक्षा लिहिलेल्या आकड्यांना वजन असते.

काटे वाचायला नुसते डोळे लागतात. पेटी उघडण्याचे काम मेन स्विच पाडून वायरमननेच करावे. ओल्या हातांनी पेटीला शिवू नये.

माझ्या स्टार्टरशेजारी आता खिळ्याला एक वही टांगली आहे. आकडे मी लिहितो, गुणाकार नववीतली मुलगी करते. परवा तिनेच हाक मारली, “दादा, आज साडेनऊ दाखवतोय, बंद करा.” मी केली. पाणी दुसऱ्या दिवशी दिले. मोटार शाबूत आहे.