खुराड्यातला चोर ओळखा, मग बंदोबस्त करा

कोकणातल्या आपल्या बहुतेक घरी परसात चार-दोन गावठी कोंबड्या असतातच. घरचा कमावता माणूस मुंबईला किंवा आखातात असतो आणि अंड्यांचे पैसे घरच्या बाईच्या हातात येतात. त्यातून मुलांच्या वह्या येतात, मीठमसाला येतो, अचानक आलेल्या मेहमानाची सोय होते. म्हणून एका सकाळी खुराडे उघडावे आणि आत नुसती पिसे दिसावीत, तेव्हा जीव का चरफडतो ते आम्हाला कोणी सांगायला नको. गेल्या वैशाखात आमच्याच खुराड्यातून आठ दिवसांत पाच कोंबड्या गेल्या. त्यातली एक खुडूक होती, अकरा अंड्यांवर बसलेली.

आम्ही काय केले ते आधी सांगतो, कारण तसे करू नये. शेजारच्या खालांचा बोका एका सकाळी आमच्या खुराड्यावर बसलेला दिसला होता. झाले, चोर सापडला असे आम्ही ठरवून टाकले. खालांना म्हटले, "तुमचा बोका बांधून ठेवा, नाहीतर आम्ही बघतो काय करायचे ते." खाला म्हणाल्या, "माझा बोका दूधभातावर वाढलाय, त्याला तुमच्या कोंबड्या कशाला लागतात?" त्या दिवसापासून बोलणे बंद. पुढे आमच्याच घरातल्या एकाने बाजारातून उंदराच्या औषधाची पुडी आणली आणि बांगड्याच्या डोक्यात भरायला बसला. अम्मींनी ती हातातून हिसकावून घेतली. "मेले तर बोकाच मरेल असे कोणी सांगितले तुला? अंगणात पोरे खेळतात."

त्या रात्री अम्मींनी चुलीची राख चाळणीने चाळली आणि खुराड्याभोवती हातभर रुंदीची पातळ पसरली. अशी राख म्हणजे कोरा कागदच. रात्री जो येईल तो आपली सही करून जातो. कुत्र्याच्या किंवा कोल्ह्याच्या पावलाला चार बोटे आणि पुढे नखांचे टोचे दिसतात. मांजराला, घरच्या काय आणि रानच्या काय, चार बोटे दिसतात पण नखे उमटत नाहीत, कारण चालताना ती आत ओढलेली असतात. मुंगसाला पाच बोटे आणि लांब नखे. सापाची नुसती वळणदार रेघ. राख मात्र कोरड्या रात्रीच टाकावी, दव पडले की सगळे पुसट होते.

आमच्या राखेत सकाळी पाच बोटांची पावले होती. मुंगूस म्हणावे तर मुंगूस दिवसाचा प्राणी, आणि आमच्या कोंबड्या जात होत्या रात्री. मग आढ्याच्या वाशावर विष्ठा सापडली, जांभळाच्या बियांनी भरलेली. तेव्हा उलगडा झाला. चोर होता उदमांजर, ज्याला कोणी कांडेचोर म्हणतात. हा मुळात फळे खाणारा, रात्री झाडावरून फिरणारा प्राणी. जांभळे, पपई, पिकलेला फणस यासाठी तो घराजवळ येतो आणि वाटेत उघडी कोंबडी दिसली तर सोडत नाही. आमच्या जांभळाची एक फांदी खुराड्याच्या कौलांवर टेकली होती आणि दोन कौले सरकलेली होती. दाराला आम्ही दोन कड्या लावल्या होत्या, चोर छपरातून येत होता!

पावले मिळाली नाहीत तरी मेलेल्या कोंबडीवरून बरेच कळते. मात्र एका खुणेवर विसंबू नये, दोन-तीन जुळवून पाहाव्यात. अंडी कवचासकट नाहीशी झाली आणि आसपास काहीच मोडतोड नाही, तर सापाचा संशय घ्यावा. नाग अंडी आणि पिल्ले दोन्ही गिळतो. कधी एखादे पिल्लू मेलेले पण डोके ओले, चिकट असे मिळते. ते गिळायला मोठे वाटले म्हणून सापाने सोडलेले असते. अजगर तर अख्खी कोंबडी गिळतो आणि फुगलेल्या पोटामुळे आलेल्या फटीतून बाहेर जाऊ शकत नाही, म्हणून सकाळी खुराड्यातच वेटोळे घालून सापडतो. अंधारात अंड्यांसाठी हात घालणाऱ्या भगिनींनी हे लक्षात ठेवावे. आधी बॅटरी, मग हात.

दिवसाढवळ्या अंडी फोडलेली आणि पिल्ले मानेला चावलेली दिसली तर मुंगूस. अंडी घोरपडही पळवते. उघड्या अंगणातून एकेक पिल्लू नाहीसे होत असेल तर वर बघा, शिक्रा, घार किंवा कावळा असेल. एकच कोंबडी गेली आणि पिसांची रांग कुंपणाकडे गेलेली असेल तर रानमांजर किंवा कोल्हा. पाच-सहा कोंबड्या फाडून तिथेच टाकलेल्या, खाल्लेल्या नाहीत, असे असेल तर बहुधा गावची भटकी कुत्री. त्यांना भूक नसते, खेळ असतो. कोंबडी आतच आहे पण पाय किंवा मुंडके नाही, तर कोणीतरी जाळीतून पंजा घालून ओढले आहे. अशा वेळी चोरापेक्षा जाळीचा दोष मोठा.

जाळीबद्दल थोडे जास्त सांगतो, कारण बहुतेकांचे पैसे इथेच वाया जातात. बाजारात मिळणारी षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण बाहेरच्याला अडवत नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो आणि लहान साप, घूस भोकातून आत येतात. अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची वेल्डमेश जाळी घ्यावी. महाग पडते, म्हणून सगळ्या अंगणाला नको, रात्री कोंबड्या बसतात तेवढ्या खुराड्याला लावली तरी पुरे. खाली ती जमिनीपाशी संपवू नये. बाहेरच्या बाजूला फूटभर वळवून मातीखाली दाबावी, म्हणजे उकरणाऱ्याचा पंजा जाळीवरच पडतो. ज्यांच्याकडे चिरे आहेत त्यांनी जांभ्याचा दीड-दोन फुटांचा चौथरा बांधून त्यावर खुराडे ठेवावे, त्यासारखे उत्तम काही नाही. कौलांच्या खालीही जाळी हवीच, हे आम्ही पाच कोंबड्या घालवून शिकलो.

किनाऱ्यावरच्या घरांत जुनी मासेमारीची जाळी असतात. ती अंगणावर उंच ताणली तर घार-शिक्र्यापासून पिल्ले वाचतात. पण तीच जाळी जमिनीलगत कुंपणाला लावू नका. धामण त्यात अडकून तडफडून मरते, आणि धामण गेली की उंदीर वाढतात. उंदरांच्या मागे नाग येतो. म्हणून दाणा पत्र्याच्या डब्यात बंद ठेवावा, सांडलेला झाडून घ्यावा, खुराड्याखालची बिळे बुजवावीत. पिकून पडलेली फळे रोज उचलावीत. कोंबड्या मगरिबच्या अजानआधी मोजून आत घ्याव्यात आणि फजरनंतर चांगले उजाडल्यावरच सोडाव्यात. घाईने अंधारात सोडलेली कोंबडी कोल्ह्याच्या वाटेवर जाते.

फिनेल, गंधक, डांबरगोळ्या यांचा उपयोग होतो असे पुष्कळ जण सांगतात. आमचा अनुभव असा की दोन दिवस वास, तिसऱ्या दिवशी चोर. डांबरगोळी तर पोराने तोंडात घातली तर विषच. विजेची उघडी तार मुळीच लावू नये. रानडुकरांसाठी लावलेल्या अशा तारांनी माणसे मेली आहेत. विष आणि फास यांबद्दल कायदाही स्पष्ट आहे. मुंगूस, घोरपड, अजगर, रानमांजर, उदमांजर या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्यांना मारणे गुन्हा आहे. बिबट्याच्या खुणा दिसल्या, किंवा खुराड्यात अजगर सापडला, तर स्वतः काठी घेऊन पुढे होऊ नये. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा आणि पोराबाळांना घरात ठेवावे.

जखमी कोंबडी हाती लागली तर काय करावे, असे बऱ्याच भगिनी विचारतात. सूरह मायदाच्या तिसऱ्या आयतीत हिंस्र पशूने खाल्लेले जनावर हराम सांगितले आहे, जिवंत असताना आपण जबह केलेले सोडून. तेव्हा मेलेली सापडली तर प्रश्नच नाही, ती मुरदार. जिवंत असली तरी सापाने चावलेली किंवा जखम चिघळलेली कोंबडी आम्ही खाण्यात घेत नाही. मेलेली कोंबडी कुंपणापलीकडे फेकू नये, त्या वासाने चोर पुन्हा येतो. दोन फूट खड्डा करून वर चुना टाकून पुरावी.

आम्ही फांदी तोडली, कौले बसवली, खाली जाळी मारली. मग सहा अंडी घेऊन अम्मींच्या मागोमाग खालांच्या दारात गेलो आणि माफी मागितली. खालांनी अंडी ठेवून घेतली, चहा दिला, आणि म्हणाल्या, "बोक्याचीही मागा." आता आम्ही बाहेरगावी गेलो की संध्याकाळी आमच्या कोंबड्या त्याच मोजून आत घेतात. गेल्या पावसाळ्यात जाळीचा तळ एका कोपऱ्यात गंजून सुटला होता, तोही त्यांनाच आधी दिसला. मिरगाच्या आधी हा तळ हाताने दाबून पाहायचा, एवढे काम या महिन्यात उरकून घ्या.